पॉइंट खरा, पक्षी गायब

अमेरिकेतल्या साउथ डकोटात फेझंटच्या, म्हणजे कोंबडीच्या कुळातल्या एका रानपक्ष्याच्या, शिकारीचा मोसम ३१ जानेवारीला संपला. बंदुका तेलपाणी होऊन कपाटात गेल्या, कुत्री हीटरपुढे पसरलीत. आता वाचकांच्या साठलेल्या प्रश्नांकडे वळतो.

आमची दीड वर्षाची जर्मन शॉर्टहेअर जातीची शिकारी कुत्री झकास पॉइंट धरते, म्हणजे पक्ष्याचा वास आला की जागीच ताठ थांबून तिकडे रोख धरते. आम्ही धावत जाऊन गवत लाथाडतो, तर पक्षीच नसतो! ती खोटे पॉइंट देते का? – सू फॉल्स

कधीमधी देतही असेल. पण फेझंटच्या बाबतीत बहुतेक वेळा कुत्रीचं बरोबर असतं आणि पक्षी पायी निघून गेलेला असतो. फेझंटच्या नराचा पंखांपेक्षा पायांवर भरवसा जास्त. ऑक्टोबरातली कोवळी पोरं गवतात दबून बसतात, डिसेंबरपर्यंत जगलेला नर मात्र गाडीचं दार आपटलेलं ऐकलं की चालू पडतो. कुत्री थांबते ती वासावर, आणि वासाचा मालक तोवर ऐंशी पावलं पुढे गेलेला असतो.

तिच्याकडे नीट बघायला शिका. अंग ताठ, शेपूट खिळल्यासारखी, नजर एका जागी, म्हणजे पक्षी नाकासमोर आहे. शेपटीचं टोक हलू लागलं किंवा मान वळवून ती तुमच्याकडे बघू लागली, की तो सरकला समजा. अशा वेळी तिला पुढे जाऊन वास पुन्हा धरू द्या.

खरी चूक तुमच्या धावण्यात आहे. कुत्रीच्या पाठीमागून सरळ आत घुसलात, तर पक्ष्याला तुम्हीच पुढे हाकता. लांबून वळसा घाला आणि तिच्या समोरच्या बाजूने या, म्हणजे तो दोघांच्या मध्ये अडकतो आणि उडण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही. गवताच्या पट्ट्यात शिरताना वारा कुत्रीच्या तोंडावर हवा. पट्टा जिथे संपतो तिथे एक जण आधीच गुपचूप उभा करा, आणि तो कुठे उभा आहे हे सगळ्यांना ठाऊक असू द्या. गाडीची दारं आपटू नका.

सुरुवातीला मीही माझ्या कुत्रीवर असाच खेकसलो होतो. खेकसून होतंय तोच चाळीस पावलांवरून नर ओरडत उठला. तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून विसरलो नाही.

मी एच-वन-बी व्हिसावर आहे. मित्र शिकारीला बोलावतात. बंदूक हातात घेतली तर चालेल का? – मिनेसोटा

तुमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. त्याला जे अपवाद आहेत, त्यातला एक शिकारीच्या वैध परवान्याचा. तेव्हा क्रम उलटा होऊ देऊ नका: आधी परवाना, मग बंदूक. ‘जरा धर रे’ म्हणून मित्राने दिलेलीही धरायची नाही. परवान्याची मुदत संपली की सवलतही संपली. ग्रीन कार्ड असलेल्यांना हे बंधन नाही.

मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना परवान्याआधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम करावा लागतो. राज्याराज्यांत नियम बदलतात, म्हणून इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचाराच. पहिला मोसम रिकाम्या हाताने नुसतं बघायला गेलात तरी उत्तम. कुत्र्यांचं काम तेव्हाच नीट दिसतं.

२० बोअरची बंदूक पुरेल का? छर्रे शिशाचे घ्यावेत की स्टीलचे? – ओमाहा

पॉइंटवरून उठणाऱ्या पक्ष्याला पुरेल, लांबचे बार टाळलेत तर. (आकडा मोठा म्हणजे नळी मोठी, असं अनेकांना वाटतं. उलट आहे. नळीत नेमक्या बसतील अशा शिशाच्या किती गोळ्या एका पौंडात होतात, तो हा आकडा.) पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या संघीय जमिनींवर फेझंट मारतानाही शिशाची काडतुसं चालत नाहीत. मी सगळीकडे स्टीलच वापरतो, छर्रा शिशापेक्षा दोन नंबरांनी जाड घेऊन. खिसे चाचपत बसायचा वैताग नको.

आमच्या माळावर तित्तर भरपूर आहेत. कुत्रं शिकवून असं काही इथे करता येईल का? – सातारा जिल्हा

नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि १९९१च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे परवानेही गेले. तित्तर असो की लावा, बंदुकीने मारा नाहीतर फासे लावून धरा, गुन्हाच.

तुम्ही म्हणाल, मग तिकडे कसं चालतं? फेझंट अमेरिकेचा नव्हेच. तो चीनमधून आणला आणि १८८०च्या दशकात ओरेगनमध्ये रुजला. साउथ डकोटात त्याचा पहिला मोसम १९१९ साली झाला. तिथे फक्त नर मारायचे, माणशी दिवसाला तीन. एका नरामागे अनेक माद्या असतात, त्यामुळे काही नर गेले तरी पुढच्या पिढीला झळ लागत नाही. १९३७च्या कायद्यामुळे शिकारी बंदुका आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामाला जातो. १९८५पासून शेतकऱ्याला सरकारकडून दहा-पंधरा वर्षांच्या करारावर जमीन पेरण्याऐवजी गवताखाली ठेवायचे पैसे मिळतात. हे करार कमी झाले की गवत जातं आणि पक्षीही घटतात.

तेव्हा तुमचा माळ नांगराखाली जाणार नाही एवढं बघा आणि दुर्बीण घ्या. कुत्र्याला मात्र विणीच्या दिवसांत तिकडे मोकळं सोडू नका. तित्तराची अंडी जमिनीवरच असतात.

फेझंट चिवट का होतो? कोंबडीसारखाच शिजवला होता. – शिकागो

म्हणूनच झाला. तो कोंबडीसारखा पिंजऱ्यात बसून वाढलेला नसतो, आयुष्यभर पळालेला असतो. छाती आणि तंगड्या वेगळ्या करा. छातीचं मांस कोरडं पडतं, तेव्हा झटकन परतून उतरवा. तंगड्यांत काड्यांसारख्या ताठ शिरा असतात. तंगड्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात मंद आचेवर दोन तास सोडून द्या, मग शिरा ओढून काढा. साफ करताना जखमेत ओढली गेलेली पिसंही शोधा, त्यांच्यामागे बहुधा छर्रा सापडतो.

तरी एखादा राहतोच. आमच्याकडे रश्श्याच्या दिवशी टेबलाच्या मधोमध एक रिकामी स्टीलची वाटी असते. ती कशाला, असं पाहुणे विचारतात, आणि जेवण अर्ध्यावर आलं की कुणाच्या तरी ताटाकडून वाटीत टण्णकन आवाज होतो.