कावळा शिवला नाही म्हणून

(वाचकांचे प्रश्न, सोलापूरच्या एका किरवंत गुरुजींची उत्तरं)

गुरुजी, नमस्कार. माझा मधला भाऊ चैत्रात गेला. वय चोवीस, लग्न व्हायचं होतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट करून मोटारसायकलवर घरी येत होता. मागून एका गाडीने उडवलं आणि ती थांबलीही नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ‘आईला सांभाळतो’, ‘धाकट्याला शिकवतो’, काकांनी सगळं बोलून बघितलं. शेवटी दर्भाचा कावळा केला. तेव्हापासून गल्लीत एकच चर्चा, की पोराचा जीव अडकलाय. आईला रोज रात्री त्याच्या शिफ्टच्या वेळेला गाडीचं स्टँड लावल्याचा आवाज येतो. ती उठून ताट झाकून ठेवते. शेजारच्या काकूंनी आम्हाला एका बघणाऱ्याकडे नेलं. तो म्हणाला, ‘मुंजा झालाय, धाकट्याला घेऊन जाईल. नारायण-नागबळी करा, उंबऱ्याला खिळे ठोका.’ पप्पा पॉवरलूमवर कामाला आहेत. आईच्या पाटल्या मोडायचं चाललंय. माझा भाऊ खरंच अडकलाय का?
— एक बहीण, सोलापूर

ताई, आधी कावळ्याचं बोलू, कारण भीती तिथून सुरू झाली.

मी किरवंत, म्हणजे मरणानंतरचे विधी करणारा भटजी. लग्नामुंजीला मला कोणी बोलवत नाही, सकाळी समोर आलो तर काही लोक रस्ता बदलतात. पण सगळं आयुष्य दहाव्याच्या घाटावर गेल्यामुळे कावळ्यांशी माझी ओळख जुनी आहे. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. दहा वाजता पिंड मांडून होतात तेव्हा कावळा चोच उघडी टाकून झाडाच्या आत, सावलीला बसलेला असतो. सकाळपासून त्याच कट्ट्यावर आणखी तीन-चार घरांचे पिंड झालेले, भात खाऊन त्याचं पोट तट्ट. त्यात तुम्ही लोक पिंडाभोवती कोंडाळं करता, एखादा पुतण्या मोबाइल धरून शूटिंग करतो. एवढा सावध पक्षी त्या गर्दीत उतरेल कशाला? मी सगळ्यांना उठवून पार भिंतीपाशी नेऊन बसवतो आणि गप्प राहायला सांगतो. बरेचदा तेवढ्यात काम होतं.

इच्छा राहिली की शिवत नाही, असं म्हणतात. पतवंडाचं तोंड बघून, सोन्याची फुलं उधळून घेऊन गेलेल्या आजोबांना दोन-दोन तास न शिवलेला मी बघितलाय, आणि दारूपायी घर धुळीला मिळवलेल्याला पहिल्या झटक्यात शिवलेलाही. दर्भाचा कावळा तुमच्या गुरुजींनी केला ते बरोबर केलं. ती सोय परंपरेनेच ठेवली आहे, कोणाच्या जिवाला घोर लागू नये म्हणून.

आता अडकण्याचं. गरुडपुराण घरोघरी वाचतात आणि लोकांच्या लक्षात राहतात त्या नरकातल्या कढया. त्यातच दहा पिंडांचं सांगितलंय ते कोणी ऐकत नाही. रोजच्या एकेका पिंडाने जिवाला पुढच्या वाटेसाठी देह मिळतो: पहिल्या दिवशी डोकं, दुसऱ्या दिवशी मान आणि खांदे, तिसऱ्या दिवशी हृदय, असं करत नवव्याला पाय आणि दहाव्याला तहानभूक. बाराव्याला सपिंडीकरण. तेव्हा गेलेल्याच्या नावाच्या लांबट पिंडाचे तीन भाग करतात आणि वरच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळतात. तुमचे वडील हयात आहेत, म्हणजे आजोबा, पणजोबा आणि खापरपणजोबा. भात भातात मिसळला की कोणता कोणाचा ते करणाऱ्यालाही सांगता येत नाही. पोथी त्याला तोवर प्रेत म्हणते, तिथून पुढे पितर. तुमच्याकडे बारावा झाला आहे ना? मग ज्या पोथीच्या नावाने तुम्हाला घाबरवलं, तिच्याच हिशेबाने तुमचा भाऊ आजोबांपाशी पोचलाय.

‘पण गुरुजी, अपघात...’ हे पुढचं वाक्य मला पाठ आहे. आपण ज्यावरून धर्मकृत्यं ठरवतो तो धर्मसिंधु लांब काशीत नाही, आपल्या पंढरपुरात लिहिला गेला. काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९०च्या सुमारास. त्यात दुर्मरणाचा विचार आहे, नारायणबळीही आहे. पण जाणूनबुजून जीव देणं वेगळं आणि चुकून आगीत, पाण्यात, अपघातात जाणं वेगळं, हा फरक जुन्या स्मृतींनीच केलाय. चुकून गेलेल्याचं सुतक धरावं, त्याला पाणी द्यावं, इतरांसारखंच. (ज्यांच्या घरी कोणी स्वतः जीव दिलाय त्यांनी हे वाचून घाबरू नका. नारायणबळी सांगितलाय तो त्यांनाही वाट मोकळी असावी म्हणूनच.)

मनाच्या समाधानाला तुमच्या आईवडिलांना नारायणबळी करायचाच असेल, तर पाच कलश मांडायचे, ब्रह्मा, विष्णू, रुद्र, यम आणि पाचवा गेलेल्याचा. कुठल्याही नदीकाठी होतो, भीमेवरही होतो. पाटल्या मोडून त्र्यंबकेश्वर गाठायची गरज नाही. आणि नागबळी कशाला? तो नाग मारल्याच्या दोषासाठी. तुमच्या भावाने नाग मारला होता का? नसेल तर हे कलम यादीत कसं घुसलं, ते त्या बघणाऱ्याला विचारा.

मुंजाचंही त्याने उलटंच सांगितलं. मुंज होऊन लग्नाआधी गेलेल्या पोराला पिंपळावर जागा द्यायची, घरात चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायचा, सणावाराला नैवेद्य दाखवायचा, ही जुनी रीत. आपलं लेकरू म्हणून त्याला घरात घ्यायचे. उंबऱ्याला खिळे ठोकून बाहेर ठेवायची भाषा मी कुठल्या जुन्या बाईच्या तोंडून मुंजाबद्दल ऐकली नाही. ‘धाकट्याला घेऊन जाईल’ हे वाक्य फक्त पैसे काढण्यासाठी असतं. २०१३ पासून आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. भुताची भीती घालून लुबाडणाऱ्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तो पुन्हा दारात आला तर एवढंच त्याच्या कानावर घाला. बहुतेक जण तिथेच चप्पल शोधतात.

अकाली गेलेला भटकतो, असं सरसकट आपल्या मातीतही कोणी मानलेलं नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली, मजुरांबरोबर चोखोबाही गाडले गेले. याहून दुर्मरण कोणतं? नामदेवांनी ढिगाऱ्यातली हाडं कानाला लावून बघितली, ज्यांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून पंढरपूरला आणली, अशी कथा आहे. समाधी आज महाद्वारासमोर आहे आणि लाखो वारकरी तिथे डोकं टेकतात. किंवा आपल्या सोलापुरातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचं घ्या. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा चौघांना फाशी दिली. कुर्बान हुसेन तर ऐन विशीतले. त्यांचे आत्मे फिरतात म्हणून त्या चौकातून कोणी सोलापूरकर रात्री जायचा थांबलाय का? उलट तिथेच चहा पितात.

आईला येणारा आवाज. वर्षानुवर्षं ज्या आवाजाची वाट बघत ती जागी राहिली, तो कानातून एका महिन्यात जात नाही. ‘काही नाही, झोप’ असं कोणी तिच्यावर खेकसू नये, आणि ‘हो, आलाय तो’ असंही म्हणू नये. ताट ठेवते तर ठेवू द्या, सकाळी गायीला घाला. पहिलं वर्षभर गेलेल्याच्या नावाने पाण्याचा कुंभ देण्याची पद्धत आहे. तुमच्या बोळाच्या तोंडाशी तिच्या हाताने रांजण भरून ठेवायला सांगा, सोलापूरच्या उन्हाळ्यात पिणारे कमी पडत नाहीत. पण ती जेवेनाशी झाली, आठवडेच्या आठवडे झोप नाही, ‘मीही जाते’ असं बोलायला लागली, तर पोथी बाजूला ठेवून सरळ मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि हे पप्पांना वाचून दाखवा. भाऊ कामावरून येत होता. कारखान्यात त्याचं ईएसआय (कामगार विमा) कापलं जात होतं का बघा. कामावरून घरी येतानाचा अपघातही त्यात धरता येतो आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचा हक्क निघू शकतो. उडवणारी गाडी सापडली असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. सापडलीच नसेल तर अशा अपघातातल्या मृत्यूला सरकारी योजनेतून दोन लाख मिळतात. एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेमचा कागद, सगळ्याच्या झेरॉक्स काढून ठेवा. चैत्र कधीच सरला, दिवस मोजा. पाटल्या आईच्या हातात राहू द्या. धाकटा गाडी चालवत असेल तर त्याला हेल्मेट घ्या.

गुरुजी, आमची सून बाळंतपणात गेली, रक्तस्राव थांबला नाही. बाळ सुखरूप आहे. तिला नेताना गावाकडच्या बायकांनी मागे मोहरी टाकली, म्हणजे हडळ होऊन परत येऊ नये. आता बाळाला तिच्या फोटोपाशीही नेऊ देत नाहीत. तिचं श्राद्ध कोणत्या तिथीला?
— एक सासू, मोहोळ

आजी, तुम्ही सासू असून हे विचारलंत, बरं वाटलं.

आपल्या जिल्ह्यात गावोगावी देवळापाशी वीरगळ पडलेले दिसतात. खालच्या चौकटीत लढाईत पडलेला गडी, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत, सगळ्यात वर तो शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून. तोही अकालीच गेला की! लढताना गेलेल्या पुरुषाला कैलास, आणि बाळ जन्माला घालताना गेलेल्या बाईला हडळ, ही वाटणी कोणी केली ते मला माझ्या पोथ्यांत सापडलेलं नाही. ती पारावर झालेली दिसते. रक्त गेलं म्हणून ती गेली. तिचं परत यायचं एकच ठिकाण असतं तर ते तिचं बाळ, आणि त्यात घाबरण्यासारखं काय आहे?

सवाष्ण गेली आहे, तर भाद्रपदात अविधवा नवमी. एका सवाष्णीला जेवायला घाला, खणानारळाने ओटी भरा. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांची ती घातचतुर्दशी, तुमच्या सुनेला नवमी. फोटो बाळाच्या पाळण्यासमोर लावा. मोहरी फोडणीला वापरा.

सर, आम्ही लिंगायत. आमच्यात पुरतात, पिंडदान नाही, सुतक नाही. मग आमच्यात भूत होतं का? मित्र चेष्टा करतात. रात्री क्लासवरून येताना वाटेत आमची दफनभूमी लागते.
— बारावीचा विद्यार्थी, सोलापूर

मी सर नाही बाळा, पण उत्तर देतो. हे खरं तर तुमच्या मठातल्या अय्यांना, म्हणजे स्वामींना विचारायला हवं. माझ्या शेजारी तीन घरं लिंगायतांची, त्यामुळे बघून एवढं माहीत आहे: गेलेल्याला विभूती लावून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात आणि लिंगैक्य झाला म्हणतात. अकाली गेलेला असो नाहीतर नव्वदीचा, विधी तोच. जो लिंगात मिळाला तो मागे उरतच नाही, मग भूत व्हायला शिल्लक काय? तुमचे संत, म्हणजे शरण, तर मरणाला महानवमीचा सण म्हणायचे. तुमच्या घरच्या हिशेबात भुताला खातंच नाही, ते आमच्या लोकांनी काढलंय. मित्रांना तसं सांग.

राहिली रस्त्याची भीती. तिथे दिवे नाहीत आणि कुत्री मागे लागतात, ते मला माहीत आहे. सायकलला डायनामो बसव आणि पलीकडच्या रस्त्याने ये, पाच मिनिटं जास्त लागतील.