फुटलेल्या खारबांधावर तीन शाखांचा एकत्र प्रकल्प: आधी गट नंबर जुळवा

वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र आणि भूगोल अशा तिन्ही शाखांची मुलं मिळून खाडीकाठच्या खारबंदिस्तीवर, म्हणजे भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधांवर, प्रकल्प करताय, आणि नकाशा ज्या कार्यालयात आहे तिथे 'साहेब दौऱ्यावर आहेत' एवढंच ऐकायला मिळतंय, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं चांगलं ओळखीचं आहे. प्रश्नावली, संदर्भसूची वगैरे तुमचे सर सांगतील. असे प्रकल्प बुडतात कुठे, तेवढंच लिहितो.

बुडतात ते जोडणीत. एक जण कांदळवनाचे क्वाड्रॅट (झाडं मोजायला आखलेले ठरावीक मापाचे चौकोन) खाडीच्या नावाने नोंदवतो, दुसरा जीपीएसचे बिंदू घेतो, तिसरा घरोघर 'गावातली शेती' विचारतो. शेवटी तीन तक्ते तयार होतात आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक नोंदीला गट नंबर आणि तारीख हवीच. नावावर विसंबू नका. सातबाऱ्यावरचा माणूस मुंबईत आणि कसणारा तिसराच, हे आपल्याकडे घरोघरी आहे.

बांधाच्या लाभक्षेत्रात, म्हणजे त्या बांधामुळे राखल्या जाणाऱ्या जमिनीत, कोणते गट येतात ती यादी त्या कार्यालयातच असते. म्हणून तिथे अडलं की तिन्ही शाखांचं काम अडतं. आमच्या वेळी एका कार्यालयाने 'देतो, देतो' म्हणत अख्खं सत्र घालवलं आणि शेवटी 'तुमचा अर्जच आला नाही' म्हणून हात झटकले. सार्वजनिक पैशातून झालेल्या बांधाची माहिती विद्यार्थ्यांना नाकारणं मला आजही संतापजनक वाटतं. तेव्हा तोंडी काही मागू नका. प्राचार्यांचं पत्र दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'पर्यावरण प्रकल्पासाठी माहिती' असं मोघम लिहू नका; 'अमुक योजनेच्या लाभक्षेत्रातील गट नंबरांची यादी व नकाशाची प्रत' असं लिहा. तरी हललं नाही तर माहिती अधिकार, १० रुपये शुल्क. अर्ज कॉलेजच्या नव्हे, एका विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाने, एकाच विषयावर, दीडशे शब्दांत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. मी वकील नाही, नियम एकदा तपासून घ्या.

मातीच्या क्षारतेतही एक फसगत हमखास होते. क्षारता विद्युतवाहकतेवरून मोजतात. ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर जमीन खारी, ही मर्यादा संपृक्त लगद्याच्या अर्कासाठी, म्हणजे माती पाण्याने पुरती भिजवून केलेल्या लगद्यातून काढलेल्या पाण्यासाठी आहे. प्रयोगशाळेत बहुधा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून मोजतात. तो आकडा कमीच येतो. अर्थशास्त्रवाल्याने तोच उचलून 'जमीन गोडी आहे' लिहिलं की नुकसानीचा पुढचा सगळा हिशोब चुकला. मोजण्याची पद्धत तक्त्यातच लिहा. मे आणि ऑगस्टचे नमुने एकत्र करू नका, पावसाने वरचे क्षार धुऊन जातात.

'बांध फुटला म्हणून खारं पाणी आलं' असं लिहिण्याआधी उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी बाहेर सोडणारं झडपेचं दार, बघा. तिची झडप भरतीला मिटली पाहिजे आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडली पाहिजे. गाळ किंवा ओंडका अडकला तर बांध शाबूत असूनही शेतं खारी होतात. बघायला उधाणात जा, म्हणजे अमावास्या-पौर्णिमा आणि पुढचे एक-दोन दिवस. तिथीच्या आकड्याची पाऊणपट ही भरतीची ढोबळ वेळ: चतुर्थीला साधारण तीन वाजता. खाडीत आत जाल तसा उशीर होतो, तेव्हा नेमकी वेळ तिथल्या होडीवाल्याला विचारून ठेवा.