नऊ वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच निवासी शिबिराला चाललाय, त्याची तयारी कशी करून घेऊ?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात सात दिवसांचं शिबिर आहे, मुलगा आजवर एक रात्रही तुमच्याशिवाय झोपलेला नाही आणि सॅकमध्ये काय काय भरायचं ते सुचत नाहीये. सॅकचं शेवटी सांगते. आधी रात्रीचं बोलू, कारण सगळं तिथेच अडतं.

मी आठ उन्हाळे भोर तालुक्यातल्या एका शिबिरात ताई म्हणून जात होते. दिवसा सहसा कुणी रडत नाही. सकाळी व्यायाम, मग खेळ, दुपारी करवंदं, एक दिवस उजाडायच्या आत निघून रोहिडा किल्ला. रडू येतं ते रात्री साडेनऊला, जेवणं होऊन पथाऱ्या पडल्या आणि दिवे मालवले की. तेव्हाही मूल 'आई हवी' म्हणत नाही, 'ताई, पोटात दुखतंय' म्हणतं. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना ओवा देत सुटले होते. पुढे कळलं की शेजारी बसायचं, पोटावर हात ठेवायचा आणि घरी कोण कोण आहे ते विचारायचं. मूल आजीबद्दल, मांजरीबद्दल सांगता सांगता झोपतं. बहुतेकांचं हे दोन-तीन रात्रींत ओसरतं.

काही पोटं मात्र खरंच दुखतात. शहरातल्या कितीतरी मुलांना फक्त कमोडची सवय असते आणि शिबिरात भारतीय पद्धतीचे संडास असतात. मुलं तीन-तीन दिवस जातच नाहीत, लाजेने सांगतही नाहीत. तुमच्याकडे कमोड असेल तर आत्तापासून नातेवाइकांकडे, कुठेही, उकिडवं बसायची सवय करा. पाणी स्वतःचं स्वतः घेता आलं पाहिजे. मुलगा कधीमधी अंथरूण ओलं करत असेल तर तेही तिथल्या दादाला आधी एकट्याला गाठून सांगा. आम्ही अशा मुलांना रात्री अकराला हलकेच उठवून नेऊन आणायचो, बाकीच्यांना पत्ता लागत नसे. सांगितलेलं नसलं की सकाळी सगळ्यांसमोर चादर सापडायची, आणि ते मूल उरलेले दिवस कोपऱ्यात बसायचं.

आता सराव. सुट्टी लागली की त्याला दोन रात्री मावशीकडे किंवा आत्याकडे ठेवा. तुम्ही सोबत राहू नका, त्या दोन रात्री फोनही करू नका. परत आल्यावर त्यालाच विचारा की झोप येत नव्हती तेव्हा काय केलंस. कुणी सांगेल भिंतीकडे तोंड केलं, कुणी सांगेल शंभरपर्यंत आकडे मोजले. जे त्याला जमलं तेच शिबिरात वापरायला सांगा. तुमची युक्ती त्याच्या गळी उतरवायला जाऊ नका.

आणि एक शब्द चुकूनही देऊ नका, 'करमलं नाही तर आम्ही न्यायला येऊ.' माझ्या मुलीला पहिल्यांदा पाठवलं तेव्हा ती साडेआठ वर्षांची होती. इतक्या जणांची मुलं मी झोपवली होती, पण निघताना तिचा उतरलेला चेहरा पाहिला आणि बोलून गेले, 'नाहीच करमलं तर सांग, बाबा लगेच येतील.' पहिल्या रात्री तिने तिथल्या ताईला सांगितलं, 'मला करमत नाहीये, बाबांना बोलवा.' दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या दिवशी बाबा जाऊन घेऊन आले. चौथ्या दिवशी ती घरात खिडकीशी बसून विचारत होती, 'आई, आज त्यांचा किल्ला झाला असेल ना गं?' तो प्रश्न मला अजून टोचतो. तिसरी रात्र तिला मिळालीच नाही, ती मी घालवली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये घरच्या आठवणीने होणाऱ्या त्रासाबद्दल डॉक्टरांसाठी मार्गदर्शन काढलं होतं, त्यातही असा शब्द देऊ नका असंच आहे. मुलाला त्यातून एवढंच ऐकू येतं की आईबाबांनाच माझी खात्री नाही. त्यापेक्षा खरं ते सांगा: 'रात्री आठवण येईल. आली की दादाला जाऊन सांग. रविवारी सकाळी आम्ही फाटकाशी उभे असू.' आणि खरंच वेळेच्या आधी जाऊन उभे राहा.

पुढच्या वर्षी आम्ही वेगळी सुरुवात केली. तिचे केस कमरेपर्यंत, रोज सकाळी वेणी मी घालायचे. एप्रिलपासून कंगवा तिच्या हातात दिला. पहिले आठ दिवस भांग वाकडा, तीन पेडांपैकी एक मध्येच निसटायचा, वैतागून ती रडायची. माझे हात शिवशिवायचे, पण पाठीमागे धरून उभी राहायचे. शिबिराहून आली तेव्हा दोन घट्ट वेण्या होत्या, लाल रिबिनीच्या. रिबिनी आमच्या नव्हत्या. शेजारच्या पथारीवरची मुलगी हिची वेणी घालायची आणि ही तिची. तुमच्या मुलाची 'वेणी' काय आहे ते शोधा. बुटाची नाडी असेल, आंघोळीनंतर पाठ पुसणं असेल, स्वतःचं ताट घासणं असेल. तुम्ही न बोलता रोज करून टाकता ते काम कुठलं, ते दोन दिवस नीट बघा, सापडेल.

आयोजकांना बिनधास्त प्रश्न विचारा, संकोच करू नका. रात्री खोलीत कोण झोपतं, किती मुलांमागे एक दादा, जवळचा दवाखाना किती अंतरावर, सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन तिथे असतं का. मुलांना धरणाच्या किंवा नदीच्या पाण्यात उतरवणार असतील तर लाइफ जॅकेट आहेत का. उत्तर द्यायला कुणी कंटाळलं तर पाठवू नका. मुलाला एकदा शांतपणे सांगा की अंगाला नको तिथे कुणी हात लावला किंवा 'आईला सांगू नकोस' असं म्हणालं तर आधी तेच सांगायचं, मग तो दादा असो की मोठा मुलगा.

सॅक त्यालाच भरू द्या, तुम्ही यादी वाचा. आईने भरलेल्या सॅकमधला टॉवेल मुलांना सापडत नाही आणि मग ती ओल्या अंगावरच कपडे चढवतात. प्रत्येक कपड्यावर मार्करने नाव. टोपी, टॉर्च, एक लिटरच्या दोन बाटल्या, मळलेल्या कपड्यांना वेगळी पिशवी. वळवाचा पाऊस येतो, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत एक जोड कोरडा. बूट घालण्याआधी उलटे करून आपटायची सवय घरीच लावा, सह्याद्रीत विंचू असतात. चालू औषधं सॅकमध्ये नको, चिठ्ठीसह दादाच्या हातात.

एक पत्र लिहून दादाकडे देऊन ठेवा, तिसऱ्या दिवशी द्यायला. 'तुझ्याशिवाय घर खायला उठतंय' असं त्यात लिहू नका, ते वाचून मूल तुमची काळजी करत बसतं. कुंडीतल्या मिरचीला फूल आलं, खालच्या कुत्रीला पिल्लं झाली, एवढंच पुरतं.

आणायला जाल तेव्हा 'आठवण आली का रे?' हा पहिला प्रश्न नको. सॅकच्या तळाशी तीन शर्ट घडीसुद्धा न मोडता सापडतील, त्यावरूनही बोलू नका. गाडीत बहुधा तो झोपेल. घरी वरण-भात गरम ठेवा, बोलायला तो जेवतानाच लागेल.