ट्रेनरवर पहिल्यांदा सायकल लावताना

भाऊ, ट्रेनर (मागचं चाक अडकवून घरातच सायकल चालवायचा स्टँड) घेतला हे लय चांगलं केलं. पावसाळ्यात आपली काळी माती चाकात अशी बसते का सायकल ढकलतच घरी आणा लागते. सुरुवातीले एवढंच पाह्य:

- मागच्या चाकाचा स्क्युअर (चाकाच्या मधातून जाणारा, चाक आवळून धरणारा दांडा) काढून ट्रेनरसोबत आलेलाच लाव, नाई तर पकड बरोबर बसत नाई अन सायकल निसटू शकते. तुझ्या चाकाले नट असन तर त्याचं अडॅप्टर लागते.
- टायरात हवा दर वेळी सारखीच भर. ट्रेनरचा रोलर (टायरले लागून फिरणारा गोल दांडा) टायरले टेकला का तो आवळायच्या नॉबचे दोन-तीन फेरे, बस. नवे लोक इथंच चुकतात, ढिला ठेवतात, मग जोर लावला का टायर घसरते अन झिजते. गोट्यावालं टायर असन तर गुळगुळीत टाक, नाई तर आवाजानं घरचे वैतागतीन.
- पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेव, म्हणजे सायकल सपाट राह्यते.

अन फॅन पाहिजेच, घरात हवा लागत नसल्यानं अंग लवकर तापते. मे महिन्यात पारा 45 वर असते तवा पहाटेच बसजो, लाईट गेली का सरळ उतरजो, हट्ट नको करू. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेव. पहिले पंधरा दिवस 20 मिनिटंच चालव, ट्रेनिंगचं अ‍ॅप अन पॉवरचं (पायडलवर किती जोर लागते त्याचं माप) मंग पाहू.