थकलेले बिल आणि जोडलेले संबंध

प्रश्न : मी नाशिकला स्वतंत्रपणे संकेतस्थळे तयार करतो. एका कंपनीने चार महिने बिल थकवले असून, विचारले की ‘पुढच्या आठवड्यात बघू’ एवढेच उत्तर मिळते. काय करावे?

उत्तर : तुमची उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी) हे काम घेण्याआधीची असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, करारात काहीही लिहिलेले असले तरी, सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेच लागतात. अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. बिल क्रमांक, तारीख आणि ही तरतूद नमूद करून लेखा विभागाला सौम्य शब्दांत पत्र पाठवा. हक्काचे पैसे मागितल्याने तुटणारे संबंध, माझ्या मते, जपण्यासारखे नसतात.