खाणवस्तीवर माहितीपट करू पाहणाऱ्या तरुण मैत्रिणीस

प्रिय मैत्रिणी,

अनेक आशीर्वाद. तुझ्या माहितीपटाचा आराखडा सावकाश वाचला. त्यात स्त्री दोनच जागी येते: खाणीत नवरा दगावल्यावर आक्रोश करणारी विधवा म्हणून, आणि उजाड डोंगरासमोर उभी असलेली ‘धरणीमाता’ म्हणून. या दोन्ही प्रतिमा तू काढून टाकाव्यास, असे मला मनापासून वाटते.

धरणीमातेच्या प्रतिमेमागे मोठा इतिहास आहे, हे मला मान्य आहे. पृथ्वीला जिवंत माता मानले जात होते तोवर खाणकामावर एक नैतिक अंकुश होता आणि निसर्ग हे निर्जीव यंत्र ठरल्यावर तो सुटला, अशी मांडणी पर्यावरणाच्या इतिहासकार कॅरोलिन मर्चंट यांनी १९८० मध्ये केली. मात्र स्त्रीला निसर्गाशी असे जोडण्यावर अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी १९९२ मध्ये घेतलेला आक्षेपही तितकाच ध्यानात ठेव. स्त्रीचे निसर्गाशी असलेले नाते उपजत नसते; कोणते काम कोणाच्या वाट्याला येते आणि जमीन, पाणी, मालमत्ता कोणाच्या हाती असते, यावर ते घडते. म्हणून प्रतीकाच्या मागे न लागता तू काम चित्रित कर.

खाणीवरचे बहुतेक माहितीपट यंत्रांकडे आणि पाळीवर निघालेल्या पुरुषांकडे पाहतात, कारण हालचाल आणि आवाज तिथे असतो. पण पाळी सुटल्यावर खाणीची धूळ कपड्यांबरोबर घरात येते. ऑस्ट्रेलियातील विटेनूम येथील निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण १९६६ मध्ये बंद पडली. पुढे कित्येक वर्षांनी, खाणीत कधीही काम न केलेल्या, पण नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या बायकांमध्येही फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग आढळला. तुझ्या आराखड्यात धुणे म्हणजे दोन मुलाखतींमधली फट भरणारे ओझरते दृश्य आहे. मी ते सलग ठेवीन: कपडे दाराबाहेर झटकले जातात की आत, झटकताना ती तोंड फिरवते का, पाणी कुठून आणि किती लांबून आणलेले आहे, बादलीतला काळेपणा कितव्या खंगाळणीला निवळतो. सिलिकोसिसने, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराने, धाप लागलेल्या माणसाला रात्रभर टेकून बसवणारे हातही याच हिशेबातले आहेत. खाणीचा नफा या बिनमोबदल्याच्या श्रमांवर उभा असतो, हे निवेदनातून सांगण्याची गरजच पडू नये.

बायका खाणीत कधी नव्हत्याच, असा समज मात्र पसरवू नकोस. ब्रिटनमध्ये १८४२ च्या कायद्याने त्यांना जमिनीखालच्या कामातून बाहेर काढले, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९३५ च्या कराराने ही बंदी अनेक देशांत पोहोचवली. संरक्षणाच्या नावाखाली त्यांची मजुरी गेली. अनेकींना खाणीच्या तोंडाशी कोळसा निवडण्याच्या, कमी मजुरीच्या कामावर समाधान मानावे लागले.

बार्बरा कॉपल यांचा, अमेरिकेतील केंटकी राज्याच्या हार्लन परगण्यात १९७३ मध्ये सुरू झालेल्या कोळसा खाण कामगारांच्या संपावरचा माहितीपट पुन्हा एकदा पाहा. पुरुषांच्या निदर्शनांवर न्यायालयाने मर्यादा आणल्यावर बायका रस्ता अडवायला उभ्या राहतात, आणि त्यांच्या बैठकीतली आपसातली कडाक्याची भांडणेही पडद्यावर येतात. ती कापली असती, तर त्या केवळ लढाऊ पुतळे वाटल्या असत्या. तुलाही अशा गोष्टी सापडतील. विहीर नासली म्हणून संतापणारी बाईच, मुलाला खाणीत नोकरी मिळावी म्हणून खटपट करत असेल, कारण घरात येणारा पगार खाणीतूनच येतो. तिचे हे दुसरे बोलणे तुझ्या भूमिकेला अडचणीचे ठरेल. तरीही ते ठेव.

ड्रोन जपून वापर, कारण उंचावरून उघडी खाण नेत्रसुखद दिसते. मुलाखतीसाठी बायकांना खुर्चीवर बसवू नकोस. त्यांचे काम चालू असताना, आणि घरातले पुरुष समोर नसताना बोल. पहिले कच्चे संकलन झाले की ते आधी त्यांनाच, वेगळे दाखव. कंपनीच्या घरात राहणाऱ्या बाईने उघड बोलल्याची शिक्षा साऱ्या घराला होऊ शकते. तेव्हा एखादीने आपले दृश्य काढायला सांगितले, तर कारण न विचारता काढ, मग ते तुझ्या माहितीपटातले सर्वोत्तम दृश्य का असेना.

कळावे. पुढचा आराखडा झाला की पाठव.

तुझी शुभचिंतक