जीवनसत्त्वं शिकायला घेतोयस? आधी एवढंच धर

तक्ता पाठ करायला बसू नकोस. साताऱ्यात माझ्याकडे शिकवणीला येणारी बरीच मुलं तिथंच अडकतात.

आधी विद्राव्यता, म्हणजे कोणतं कशात विरघळतं, ती पक्की कर. एकूण 13 जीवनसत्त्वं. ए, डी, ई, के तेलातुपात विरघळतात. ए आणि डी तर शरीरात चांगलीच साठतात, म्हणून त्यांच्या गोळ्यांचा अतिरेक बाधतो. बी गटातली 8 आणि सी पाण्यात विरघळणारी. मेथी चिरून मग धुतलीस, तर सी आणि फोलेट (बी गटातलंच एक) थोडं मोरीत गेलंच! गाजराच्या कोशिंबिरीवरची तेलाची फोडणी मात्र कामाची, कारण गाजरातलं बीटा-कॅरोटीन, ज्यापासून शरीर ए बनवतं, ते शोषायला स्निग्धांश लागतो.

सुरुवातीच्या दोन चुका:

- जीवनसत्त्वांतून ऊर्जा मिळते असं समजणं. ऊर्जा भाकरीतून मिळते. बी-1 पासून बनणारं सहविकर (एन्झाइमला साथ देणारा रेणू) ती मोकळी करायला मदत करतं.
- सगळी जीवनसत्त्वं अमाइन, म्हणजे नायट्रोजन असलेली संयुगं, समजणं. शास्त्रज्ञ कॅसिमिर फंक यांनी 1912 मध्ये ‘व्हायटल’ आणि ‘अमाइन’ जोडून ‘व्हिटामिन’ हे नाव दिलं खरं, पण सीमध्ये नायट्रोजनच नाही.

रचनासूत्रं सध्या बाजूला ठेव. डीसुद्धा नंतर घेऊ; ते उन्हामुळं त्वचेत तयार होतं, त्याला निवांत वेळ हवा.

आज जेवताना ताटातल्या प्रत्येक पदार्थातलं एकेक जीवनसत्त्व शोध, पुढं ‘पाणी’ की ‘तेल’ लिही आणि मला दाखव.